उसनं बोट

मी ग्लुकोमीटर बोलतोय. हो, तोच. ज्याला पाहिलं की माणसं उद्यापासून रोज चालायला जायचं ठरवतात आणि मग बसूनच राहतात.

भोपाळच्या जवाहर चौकातल्या औषधाच्या दुकानात मी पाच महिने काचेच्या कपाटात होतो. तिथून मला जुईनं उचललं. ती पुण्याला नोकरी करते, दिवाळीला माहेरी आली होती. तिचे बाबा सुभाषराव सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. नोकरीभर त्यांनी नकाशात एका मिलिमीटरची चूक खपवून घेतली नाही. मधुमेह मात्र आठ वर्षं खपवून घेत होते.

साकेत नगरातल्या त्या घरात पहिल्या आठवड्यात माझा काय थाट! येणाऱ्याजाणाऱ्याचं बोट टोचून झालं. पण नव्याचे नऊ दिवस. गोळ्यांचं पाकीट मसाल्याच्या डब्यामागे गेलं आणि सुभाषरावांनी स्वतःचं शास्त्र काढलं. सकाळी कारल्याचा रस घेतला की वर पोहे-जलेबी चालते म्हणे! कोपऱ्यावरचा हलवाई लांबूनच ओरडायचा, "अंकल, गरमागरम निकल रही है!" की ह्यांचे दुखरे पाय तुरुतुरु चालायला लागायचे. तळवे बधिर झाले होते, चप्पल निसटली तरी कळत नव्हतं. जलेबीचा वास मात्र बरोबर कळायचा.

जुईला शंका आली. तिनं फर्मान काढलं, "बाबा, दर रविवारी उपाशीपोटी तपासायचं आणि मशीनचा फोटो मला पाठवायचा."

पहिल्या रविवारी मी खरं ते सांगितलं, २४६. फोनवर अर्धा तास बोलणी बसली. पुढच्या रविवारी सुभाषराव मला घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले.

"सुमित्रा, बोट दे जरा."

"माझं कशाला? मला कुठे शुगर आहे?"

"म्हणून तर!"

सुमित्राकाकूंनी कणकेचा हात धुतला आणि बोट पुढे केलं. ९४. फोटो गेला. "वा बाबा! असंच चालू ठेवा," असं उत्तर आलं. बाबांनी त्या आनंदात पाव किलो जलेबी आणली.

वर्षभर हेच चाललं. लबाडी ह्यांची, बोट काकूंचं आणि साक्ष माझी. मग आकडा हळूहळू चढू लागला. १०८, ११९, १३१. सुभाषराव काळजीत पडले, पण कुणाच्या? स्वतःच्या अब्रूच्या.

"काल भात जास्त खाल्लास ना? जुईला काय दाखवू मी आता?"

काकूंचं केळं बंद झालं, चहातली साखर बंद झाली. आपल्या बशीतली जलेबी मोडता मोडता ते बायकोला संयमाचे फायदे समजावत. काकू तांब्या तांब्या पाणी पीत, दुपारी गळून पडत. "वय झालं तुझं," असं त्यांचं निदान. यंत्राला राग येऊ नये म्हणतात. मला आला.

गणपतीच्या आधीच्या रविवारी मी २१८ दाखवले.

"मशीन गेलं!" सुभाषराव म्हणाले. सेल बदलले. २२१. नव्या पट्ट्या आणल्या, काकूंचं तिसरं बोट टोचलं. २१९. शेवटी शेजारच्या विनिताजींना बोलावलं. त्यांचे आले ९१. "भाईसाहब, मशीन तो बिलकुल ठीक है," म्हणून त्या निघून गेल्या.

काकू खुर्चीत बसल्या. बोटांच्या टोकांवर दीड वर्षाच्या टोचण्यांचे काळे ठिपके होते.

"अहो, म्हणजे मलाही?"

सुभाषरावांनी दीड वर्षात पहिल्यांदा स्वतःचं बोट टोचलं. ३२७.

जुईला त्या दिवशी दोन फोटो गेले. खाली लिहिलं होतं, "पहिला आईचा. दुसरा माझा. आधीचेही आईचेच." फोन लगेच आला. जुई ओरडली नाही. "आई कुठे आहे? तिला द्या," एवढंच म्हणाली. बाबांशी ती पुढे चार दिवस बोलली नाही.

डॉक्टरांनी माझी मेमरी मागे मागे नेऊन पाहिली आणि काकूंना विचारलं, "आकडे कधीचे वाढतायत. इतके महिने दाखवलं का नाहीत?"

सुभाषराव म्हणाले, "दाखवत होतो. माझे म्हणून."

मग डॉक्टरांनी सुभाषरावांच्या पायाला बांधलेली पट्टी सोडली. टाचेला चप्पल लागून झालेली जखम महिनाभर चिघळत होती. आणखी उशीर केला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

आता गोळ्यांचं पाकीट जेवणाच्या टेबलावर असतं, शेजारी मी. जखम भरली, तसे दोघं संध्याकाळी चालायला जाऊ लागले. हलवायाचं दुकान टाळायला लांबचा रस्ता धरतात. सुभाषराव साधू झालेत असं समजू नका. परवा कुणाच्या तरी बारशाला दोन लाडू हाणले आणि सकाळी म्हणाले, "आज राहू दे, उद्या बघू."

काकूंनी मला उघडलं आणि हात पुढे केला. "बोट द्या. तुमचं."

माझी बटणं झिजली, पडद्यावर ओरखडे आले. जाता जाता एकच मागणं आहे. माझ्यापुढे आपलंच बोट धरा. उसनं आणलंत तरी मी खरंच बोलेन, पण ते कुणाबद्दल बोललो हे तुम्हाला उशिरा कळेल.