कोणाला कळवावे

सिस्टरनी हजेरीची वही काखेत मारली, गोलात मांडलेल्या खुर्च्यांभोवती एक फेरी घातली आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबल्या. ती उचलून त्यांनी भिंतीला लावली. दोन पावलं गेल्या असतील नसतील, तशाच मागे फिरल्या आणि खुर्ची होती तिथे आणून ठेवली.

"आज तिसरा गुरुवार," चहाच्या टेबलामागून ड्रायव्हरकाका म्हणाले.

"मला मोजता येतं."

"तसं नाही हो. ती पिवळ्या स्वेटरवाली पोरगी अशी न सांगता दांडी मारणारी नाही, म्हणून म्हटलं."

दर गुरुवारी चार ते सहा, विद्यार्थी केंद्राच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, परदेशातून शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी हा मेळावा भरायचा. चहा, बिस्किटं, पत्ते, सापशिडी आणि इथली भाषा बोलायचा सराव. चालवायच्या सिस्टर. चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळात काढली होती, त्यातली शेवटची बारा वॉर्डची मुख्य म्हणून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी वॉर्ड काही त्यांच्या अंगातून जायला तयार नव्हता. मुलं आली की त्या आधी चेहरे बघायच्या, मग नखं, आणि मग वहीत खूण करायच्या. एखाद्याने नुसतं शिंकावं, की त्याच्यासमोर गरम पाण्याचा पेला हजर. मुलं त्यांना टरकून असायची आणि न चुकता यायची.

हॉलच्या दारामागे एक कागद डकवलेला होता. वेळेवर यावे. आपला कप आपण धुवावा. घरच्या चौकशा करू नयेत. तिसऱ्या नियमाखाली लाल रेघ होती.

ती रेघ काही उगाच आलेली नव्हती. पहिल्याच वर्षी मदतीला आलेल्या एका बाईंनी मोठ्या मायेने एका नव्या मुलाला विचारलं होतं, आईची आठवण येते का रे? झालं! तो रडला, त्याचं पाहून शेजारची रडली, आणि पाच वाजेपर्यंत अख्खा हॉल मुसमुसत बसला. सापशिडीला कुणी हात लावला नाही. सिस्टर नव्याने नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या वरिष्ठ बाईंनीही त्यांना हेच बजावलं होतं. घरचं विचारलंस की पेशंट रडतो, एक रडला की वॉर्ड रडतो, तेव्हा हाताला काम दे आणि पुढे चल. सिस्टर चौतीस वर्षं पुढे चालत राहिल्या होत्या.

"माणसाला घरचं विचारायचं नाही, तर काय हवामान विचारायचं?" ड्रायव्हरकाका कुरकुरायचे. तीस वर्षं शहराची बस चालवली, आणि तीस वर्षं पाठीमागे 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी. आता कुठे तोंड मोकळं झालं होतं, तर इथे हा कागद.

"हवामान विचारा," सिस्टर म्हणायच्या.

आणखी एक नियम होता, तो कागदावर नव्हता. स्वतःच्या घरचा फोन नंबर सिस्टर कुणाला म्हणजे कुणालाच द्यायच्या नाहीत. आज एकाला दिला की उद्या चाळीसजण वाजवत बसतील. काही लागलं तर केंद्राचा नंबर आहे, त्यावर करा.

पिवळ्या स्वेटरची मुलगी पुलांचं गणित शिकायला आली होती. बोलायची कमी. शब्द नवे होते, म्हणून एकेक पारखून, जपून वापरायची. आपला कप धुवून झाला की गुपचूप सगळ्यांचे धुवायची आणि सिस्टरनी पाहिलं की चोरी पकडल्यासारखी हसायची. सिस्टरना ती आवडायची. हे त्यांनी कधी दाखवलं नाही, पण बिस्किटांच्या बशीतलं न तुटलेलं बिस्कीट तिच्या बाजूला वळलेलं असायचं.

तिचा फोन दोन आठवडे बंद होता.

"घरी लावा ना," काका म्हणाले. "वहीत आहे की तुमच्या. तो शेवटचा रकाना कशाला काढलाय मग?"

"घरी असं उठून कळवायचं नसतं काका. तिकडे आईच्या पोटात गोळा येतो. आधी आपल्याला काहीतरी ठाऊक पाहिजे, मग कळवायचं."

"आणि ठाऊक कसं होणार?"

सिस्टरनी चष्मा लावला आणि वही मागून उघडली. तिथे प्रत्येकाच्या नावापुढे विषय, राहण्याचं ठिकाण, आणि शेवटी 'घरी कोणाला कळवावे' असा रकाना होता. पहिल्या दिवशीच तो भरून घ्यायचा अशी शिस्त. मुलीची ओळ सापडली. शेवटच्या रकान्यात 'आई' असं लिहिलं होतं आणि पुढे लांबलचक नंबर. त्या दोन्हींवरून एक सरळ रेघ मारलेली होती. बाजूला सही, सहीखाली तारीख. सहा आठवड्यांपूर्वीची.

खाली बारीक, नीट अक्षरात लिहिलं होतं: सिस्टर. पुढे केंद्राचा नंबर.

"चुकून लिहिलंय," सिस्टर म्हणाल्या. "रकाना कळला नसेल तिला."

काकांनी हात पुसले आणि वाकून वाचलं. मग ते चहाच्या किटलीचं झाकण लावत बसले. ते आधीच लागलेलं होतं.

"काका, अहो बोला की."

"पोरगी पुलांची गणितं करते, सिस्टर. रकाना कसा चुकेल?"

सिस्टरना तो गुरुवार आठवला. मुलगी अर्धा तास आधी आली होती. वहीतलं काही बदलायचं असेल तर चालतं का, असं तिने विचारलं होतं. सिस्टर कप मांडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या होत्या, चालतं की, पण गिरगटायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. सही करायची आणि तारीख घालायची. इस्पितळात असंच असतं, खोडलेलंसुद्धा जपायचं. मुलीने सांगितलं तसंच केलं. मग पेन हातात धरून, टोपण न लावता, ती तिथेच उभी राहिली होती. सिस्टरनीच तिच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि म्हणाल्या होत्या, झालं ना? चल, कप घे.

त्या दिवशी सापशिडीत सगळ्यांत जास्त हसली होती ती. सिस्टरना बरं वाटलं होतं, की चला, पोरगी रुळली एकदाची.

"मेलं माझं लक्ष!" सिस्टर म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. "काका, हॉल सांभाळा."

"आत्ता? अजून सगळी यायचीत."

"येऊ देत. हवामान विचारा त्यांना."

चौतीस वर्षांत ड्यूटी अर्ध्यावर टाकून त्या कधी बाहेर पडल्या नव्हत्या. वही काखेतच राहिली. मुलींचं वसतिगृह दोन चौक सोडून होतं. सिस्टर झपाझप चालल्या, सिग्नलला थांबल्या, आणि दिवा हिरवा झाला तरी क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या. मागच्या माणसाने "आजी, चला" म्हटलं तेव्हा कुठे त्यांचे पाय हलले.

वसतिगृहाच्या काचेमागे बसलेल्या कारकुनाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वर फक्त नातेवाइकांना सोडतो. तुम्ही तिच्या कोण?"

सिस्टरनी काचेखालच्या फटीतून वही आत सरकवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही मी," त्या म्हणाल्या.

कारकुनाने ओळ वाचली. खण उघडून एक फाइल काढली, त्यातला फॉर्म चाळला आणि त्याचा चेहरा बदलला.

"अहो, मग तुम्ही होतात कुठे? शनिवारी पोरगी तापाने फणफणली होती. डॉक्टर आम्ही बोलावला. फॉर्मवरच्या नंबरवर शनिवारी फोन लावला, सोमवारी लावला. नुसता वाजत राहतो. कुणी उचलेल तर शपथ!"

केंद्राचा फोन ऑफिसच्या बंद दारामागे, कपाटावर असायचा. ऑफिस उघडायचं फक्त गुरुवारी दुपारी.

सिस्टरनी फॉर्म बघायला मागितला. तिथेही आईवर एकच सरळ रेघ होती, सही होती, तारीख होती. खाली सिस्टर. या फॉर्मवर आणखी एक चौकोन होता, 'नाते' असा. त्यात मुलीने लिहिलं होतं: दर गुरुवारी.

"आता कशी आहे ती?" सिस्टरनी विचारलं.

"ताप उतरलाय. पण खाली येत नाही. ही घ्या तुमची वही. जा तुम्ही, दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली."

दार लोटलेलंच होतं. मुलगी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. पिवळा स्वेटर अंगात, केस विस्कटलेले, ओठ सुकलेले. सिस्टरना पाहून ती उठायला लागली.

"बस. अजिबात उठायचं नाही." सिस्टरनी कपाळाला हात लावला, मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं. नाडी ठीक होती. मोजणं संपलं तरी त्यांनी मनगट सोडलं नाही.

"फोन बंद का तुझा?"

"चालू केला की तिकडून सगळ्यांचे फोन येतात. मामांचे, मावशीचे. सगळे रडतात."

आता हाताला काम द्यायचं आणि पुढे चालायचं. खोलीत काम होतंही. तांब्या रिकामा होता, खिडकी बंद होती, कपडे खुर्चीवर पडले होते. सिस्टरची नजर त्या सगळ्यावरून फिरली. मग त्यांनी कपडे पलंगाच्या कडेला सारले, खुर्ची ओढली आणि बसल्या.

"आईला काय झालं होतं गं?"



"झोपेतच गेली. मंगळवारी. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, म्हणून मामा म्हणाले, नको येऊस, परीक्षा दे. दिली मी. गुरुवारी तुमच्याकडे आले."

"आणि मी तुला कप धुवायला पाठवलं," सिस्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "माझं चुकलं. मी विचारायला पाहिजे होतं."

"नाही," मुलगी हळूच म्हणाली. शब्द शोधायला ती थांबली. "तुमच्याकडे कुणी विचारत नाही, म्हणूनच मी येत होते. दोन तास आई जिवंत असायची. चार गुरुवार बरं वाटलं." तिने स्वेटरची बाही बोटांवर ओढून घेतली. "मग एका गुरुवारी खोलीतून निघताना वाटलं, आज कुणीतरी विचारावं. आणि कुणी विचारणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून नाही आले. मग ताप आला."

सिस्टर ऐकत राहिल्या. मुलगी आधी तुटक बोलली, मग सलग. आई शाळेत शिपाईण होती, तास झाला की घंटा वाजवायची. घरीही तिला वेळेचं वेड होतं, जेवायलासुद्धा चमच्याने ताट वाजवून बोलवायची. हे सांगताना मुलीला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. सिस्टरनी तिला थांबवलं नाही, पाणी पुढे केलं नाही, पाठीवर फक्त हात ठेवला. हॉलमध्ये एव्हाना सहा वाजत आले असतील, काकांनी काय गोंधळ घातला असेल देव जाणे, हा विचार आला आणि गेला.

बऱ्याच वेळाने मुलीने नाक पुसलं.

"तुम्हाला न विचारता लिहिलं मी. वहीत. मामा आहेत, पण इतक्या लांबून ते काय करणार? रागावलात का? बदलते मी."

"बदलायचंच आहे ते," सिस्टर म्हणाल्या.

मुलीचा चेहरा उतरला. सिस्टरनी मांडीवरची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि तिची ओळ शोधली. स्वतःच्या नावाला त्यांनी हात लावला नाही. पुढच्या केंद्राच्या नंबरवर मात्र एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. त्याच्या वर आपल्या घरचा नंबर लिहिला. गेल्या कित्येक वर्षांत तो कुणासाठी लिहिला नव्हता. शेवटचे दोन आकडे आठवायला त्यांना क्षणभर थांबावं लागलं. मग त्यांनी सही केली आणि टोपण लावायला घेतलं.

"सिस्टर," मुलगी वहीत डोकावत म्हणाली, "तारीख राहिली."