पत्तिनीच्या पायरीवर

किरी मेणिकेनं ढिगातला एक नारळ उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. आत पाणी होतं. वळव्व्याच्या, म्हणजे जमीनदाराच्या वाड्याच्या, स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या बाईचा हात तो. देवीपुढं शपथेला उभी असतानाही नारळ पारखल्याशिवाय राहिला नाही.

"अगं, कालवणाला न्यायचाय का तो?" रांगेत मागं उभी असलेली शेजारीण उक्कु पुटपुटली. "घे कुठलाही. फुटला म्हणजे झालं."

किरी मेणिका हसली नाही.

पत्तिनी देवीच्या देवळापुढं गावातल्या सगळ्या बायका उभ्या होत्या. पुरुषांचं आदल्या दिवशीच उरकलं होतं. सगळ्यांनी एकेका फटक्यात नारळ फोडले होते आणि सगळे सुटले होते. बायकांची शपथ खरं तर गेल्या आठवड्यातच व्हायची, पण त्या दिवशी सकाळी निम्म्या गावाला एकाएकी विटाळ आला. म्हाताऱ्या पुजाऱ्यानं, कपुराळनं, डोळ्यांची उघडझाप करत वळव्व्याच्या मालकांना, बंडार हामूंना, सांगितलं, "देवी थांबेल, हामू. ती पण बाईच आहे." बंडार हामू थांबले. आज मात्र एकीचीही सबब ऐकून घेतली नव्हती.

ते नागचाफ्याच्या सावलीत, वळव्व्यातून आणवलेल्या खुर्चीवर बसले होते. पांढरंशुभ्र वस्त्र, गालात विडा. त्यांच्यामागं पडदे लावलेली बैलगाडी उभी होती आणि तिच्यात त्यांची बायको, कुमारीहामी. तिला आणायचं काही कारण नव्हतं. गाव बघेल, एवढ्यासाठीच तिला आणलं होतं.

त्या वर्षी सिलोनात पहिल्यांदाच सगळ्यांना मत मिळालं होतं. मळ्यातल्याला, धोब्याला, चुलीपुढच्या बाईला, सगळ्यांना. लंडनहून साहेबांचा आयोग आला तेव्हा बंडार हामूंनी कँडीला जाऊन सांगितलं होतं, की बायकांना मत देणं म्हणजे एका घरात दोन चुली मांडणं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि मत दिलंच. मग बंडार हामू स्वतः निवडणुकीला उभे राहिले. त्यांची पेटी हिरवी. समोर शाळेचे पियदास गुरुजी, त्यांची लाल. कागदावर काही लिहायचं नव्हतं. पडद्याआड जायचं आणि ज्याची पेटी हवी तिच्यात कागद टाकायचा.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी जेवताना बंडार हामू बायकोला म्हणाले होते, "हिरवी. पानांचा रंग. कळतं ना हिरवं?" वाढायला उभी असलेली किरी मेणिका हसली, कारण हसायचं असतं. कुमारीहामींनी त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

आणि बंडार हामू हरले. हरले ते हरले, वर मोजणीला बसलेला त्यांचा माणूस सांगत आला की आपल्याच गावच्या लाल पेटीतून हिरवीपेक्षा जास्त कागद निघाले. ज्या गावात त्यांच्यासमोर कुणी चप्पल घालून उभं राहत नसे, त्या गावच्या पेटीतून. ते कितीतरी वेळ व्हरांड्यात तसेच उभे होते, हातातली काठी टेकायची विसरून.

"घरातूनच," ते शेवटी म्हणाले होते. "चुलीजवळूनच गेलंय हे." आणि सगळ्या गावाला देवीपुढं शपथ लावली.

चुलीजवळ किरी मेणिकाच होती.

तिनं लाल पेटीतच टाकलं होतं. गुरुजी महिन्यापूर्वी वळव्व्याच्या मागच्या दाराशी आले होते. पुढच्या व्हरांड्यात त्यांना बसायला साधं पाट-स्टूल मिळालं नव्हतं, म्हणून ते मागं पाणी मागायला आले. पाणी पिऊन उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, या नव्या कारभाराबद्दल तुम्हाला काय वाटतं?" तिला काहीच वाटत नव्हतं. पण तसं आजवर कुणी विचारलं नव्हतं. अक्का म्हणून तर नव्हतंच.

"किरी मेणिका," कपुराळनं पुकारलं.

ती पुढं झाली. वळव्व्याचं रांधायचं म्हणून तिच्या घराण्याला ओढ्याकाठचा शेताचा तुकडा आणि झोपडी लावून दिलेली होती. खरं बोलली तर आज संध्याकाळपर्यंत दोन्ही जाणार. आणि झोपडीत तिची लेक सुदू दिवस भरून बसलेली. खोटं बोलली, तर शपथ पोटच्या पोराची होती. पत्तिनी बाळंतिणींची देवी. तिच्यापुढं खोटी आण कुणावर जाऊन पडते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

रात्रभर विचार करून तिनं खोटं बोलायचं ठरवलं होतं. नारळ फोडायच्या दगडापुढं उभी राहिली आणि हात वर जाईना.

"म्हण, बाई," कपुराळ हलक्या आवाजात म्हणाला. "मी लाल पेटीत टाकलं असेल तर माझ्या पोटच्या..."

"माझ्या..." किरी मेणिका म्हणाली आणि थांबली.

मागं गाडीचा पडदा सरकला. कुमारीहामी खाली उतरत होत्या. त्यांना असं भर दिवसा मातीत पाय ठेवताना गावानं कधी पाहिलं नव्हतं. रांग आपसूक दुभंगली.

"तू कशाला उतरलीस?" बंडार हामू म्हणाले.

"माझंही मत होतं."

"तुझी शपथ कुणी मागितलीय?"

"गावातल्या सगळ्या बायकांची म्हणालात. मग आधी माझी होऊ दे."

त्यांनी किरी मेणिकेच्या हातातून नारळ घेतला. बंडार हामू खुर्चीत मागं रेलले. बायको सगळ्यांसमोर शपथ घेतेय, हे त्यांना बरंच वाटलं असावं. त्यांनी गावाकडं एक नजर टाकली.

कुमारीहामी दगडासमोर उभ्या राहिल्या. मग वाकल्या आणि उकळत्या दुधाचं भांडं उतरवावं तसा तो नारळ त्यांनी अलगद पायरीवर ठेवला.

"फोड," बंडार हामू म्हणाले.

"नाही."

"म्हणजे लाल?"

"मी काहीच म्हटलं नाही. सरकारनं पडदा लावला होता. तो काढायला मी आले नाही."

बंडार हामूंचं तोंड किंचित उघडं राहिलं. विड्याची लाल धार ओठाच्या कोपऱ्यातून निघून पांढऱ्या वस्त्रावर आली. त्यांना ती कळलीही नाही. कुमारीहामी गाडीकडं चालत गेल्या.

किरी मेणिकेनं ढिगातला दुसरा नारळ घेतला. हलवला नाही. पहिल्याच्या शेजारी ठेवून दिला.

मग उक्कु आली. उक्कुनं हिरव्या पेटीत टाकलं होतं. बंडार हामूंच्या बागेतली सुपारी तिचा नवरा खंडानं घेई, आणि ती विहिरीवर उघड सांगत फिरली होती. तिला फोडायला कसली भीती? तिनंही नारळ ठेवला. "गुडघे धरलेत," ती कुणाचंही नाव न घेता म्हणाली. "जोर लागत नाही."

त्यानंतर एकेक बाई आली. नारळावर नारळ टेकल्याचा तेवढा आवाज. कुणी हिरवी, कुणी लाल, आता देवीलाच ठाऊक.

शेवटी कपुराळनं घसा साफ केला. "हामू, फुटलेले नारळ देवीचे असतात. हे कुणाचे समजायचे?"

बंडार हामू उठले आणि पायीच निघून गेले. खुर्ची परत न्यायला त्यांनी कुणाला सांगितलं नाही, म्हणून ती नागचाफ्याखाली तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपुराळनं नारळांची पोती वळव्व्यात पोचती केली. किरी मेणिका खोवणीवर बसली होती. कुमारीहामी स्वयंपाकघरात आल्या, पोत्यातला एक नारळ घेतला आणि जात्याशेजारच्या दगडावर एका फटक्यात फोडला.

"हामू शेताचं काही बोलले का?" किरी मेणिकेनं मान वर न करता विचारलं.

"कुणाकुणाचं शेत काढून घेणार? सगळ्या गावाला हाकललं तर नांगर कोण धरणार? तेवढं त्यांना कळतं." त्यांनी एक कवड तिच्यापुढं धरली. "सुदू कशी आहे?"

"पहाटेपासून कळा देतेय. सुईण बसलीय तिच्यापाशी. ताटं लावून जाते मी."

"आत्ताच जा."

किरी मेणिका उठली, पण जाईना. "कुमारीहामी, तुम्ही माझ्यासाठी नारळ ठेवलात. मला काय माहीत, की तुम्हीसुद्धा गुरुजींना..."

"नाही गं. मी हिरव्यातच टाकलं."

किरी मेणिकेच्या हातातली कवड तशीच राहिली. "मग तुम्हाला खरी शपथ घेता आली असती."

"हो."

त्या खोवणीवर बसल्या, साडी सावरून, जराशा अवघडून. तिथं त्या कधी बसल्या नव्हत्या. "पडद्याआड गेले. दोन पेट्या, आणि मी. हात आपोआप हिरव्याकडं गेला. बाहेर उन्हात आल्यावर लक्षात आलं, की आत मला कुणी बघत नव्हतं."

त्यांनी दुसरी कवड पात्यावर धरली. पहिला कीस वेडावाकडा, जाडाभरडा पडला.

"किरी मेणिके," त्या खाली बघतच म्हणाल्या, "त्या पेट्या परत कधी येणार गं?"