सगळ्या मिलींत सातच

टिकेशने लिहिलेला प्रोग्राम जिल्ह्यातल्या अकरा राइस मिलींच्या वजनकाट्यांवर चालत होता; पण कोणत्या मिलीत त्याची कोणती आवृत्ती आहे, हे आता त्यालाच सांगता येत नव्हते.

पाचव्या आवृत्तीत ओल्या धानाच्या वजनातून ओलाव्याची घट दोनदा वजा होई. ती चूक त्याने पुढे सुधारली होती. केलेला प्रत्येक बदल तो लॅपटॉपवरच्या रिपॉझिटरीत, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, क्रमांकासह जपून ठेवी, आणि आवृत्तीचा आकडा मिलीतल्या संगणकावर निगुतीने चिकटवी. गेल्या हंगामात सौंदडचे मिलमालक शालीकरामजी गोंदियाच्या ऑफिसात येऊन गरजले होते, "कोहमाऱ्याच्या मिलीले सात, मले पाच काऊन? मी का उरलासुरला गिऱ्हाईक आहो?"

ऐन हंगामात काटा बंद ठेवून नवा प्रोग्राम घालून घ्यायला ते तयार नव्हते. टिकेशचे मालक लोकेंद्रभाऊ हसून म्हणाले, "सबको सात चिपका दे रे. अंदर कोन डोकावून पाहते?"

टिकेशने साताच्या अकरा चिठ्ठ्या छापून सगळीकडे चिकटवल्या.

यंदा एका मिलीत वजन कमी भरते म्हणून शेतकऱ्यांनी काटाच अडवला. फोनवर त्याने आवृत्ती विचारली. उत्तर आले, सात. उरलेल्या दहा ठिकाणी विचारले. दहाही ठिकाणी सात. सोमवारी धानाची मोठी आवक सुरू होणार, आणि कुणाच्या घामाचे वजन कुठे दोनदा कापले जाईल, हे सांगणारी खूण त्याने स्वतःच्या हाताने पुसली होती.

तीन दिवस तो एसटीने हिंडला. या वेळी आकडा त्याने हाताने लिहिलाच नाही. प्रोग्राम तयार होतानाच रिपॉझिटरीतल्या शेवटच्या बदलाचा क्रमांक आपोआप उचली आणि तो प्रत्येक पावतीच्या तळाशी छापी. चार मिलींत जुनी चूक सापडली. दहा मिलींत चारशे बारा क्रमांकाचा सुधारलेला प्रोग्राम बसवून शनिवारी तो सौंदडला पोचला. चूक तिथेही होतीच. त्याने तिथेही चारशे बाराच बसवला.

शालीकरामजींनी पहिली पावती उजेडात धरली. "चारशे बारा. कोहमाऱ्यात किती?"

"तेवढाच."

"मंग मले चारशे तेरा दे. मी आखरी आहो ना, मले ताजा पाहिजे."

"शालीकरामजी, प्रोग्राम एकच आहे. आकडा माझ्या हातात नाही."

"तुह्या हाती नाही, त कोनाच्या हाती? तेरा दे, नाही त जुनाच राहू दे!"

टिकेशने लोकेंद्रभाऊंना फोन लावला. "छाप ना तेरा," ते वैतागले, "तुझ्या बापाचं का जाते?"

जुना राहू दिला, तर सोमवारी इथे घट दोनदा कापली जाणार. आकडा खोटा छापला, तर पुढच्या वर्षी पुन्हा हीच पायपीट. मग प्रोग्रामच्या शेवटी त्याने एक रिकामी ओळ घातली, बदल रिपॉझिटरीत नोंदवला, तसा क्रमांक चारशे तेरा झाला, आणि प्रोग्राम पुन्हा तयार केला. त्या ओळीत काहीच नव्हते. तरी आकडा खरा होता.

"हे झालं ना!" तेराची पावती खिशात घालून शालीकरामजींनी लगेच फोन काढला. "कोहमाऱ्याच्या मिलवाल्या पाहुण्याले सांगतो, मले तेरा भेटला."

टिकेशने बंद करत आणलेला लॅपटॉप चौदासाठी पुन्हा उघडला.