रेषेपर्यंत पाणी

मित्रांनो, भागाबाईंचा उजवा डोळा गेला. प्रयोगशाळेची खिडकी व्हरांड्यात सापडली. आता हे विसरा. चौकशीला आलेल्या साहेबांनी "सदर घटना घडलेली नाही" असं लिहून दिलं आहे, तेही तीन प्रतींत. तेव्हा न घडलेलं बाजूला ठेवून माझी कहाणी सांगतो.

मी एक जुना सोडियमचा तुकडा आहे. मुक्काम तेलंगणातल्या इचोड्याच्या पुढची हायवेलगतची मराठी शाळा, कपाट दुसरं, लोणच्याची लहान बाटली. त्याआधी मी मिठात होतो. सुखी होतो. माझ्याकडे अकरा इलेक्ट्रॉन. आतल्या कक्षेत दोन, मधल्या कक्षेत आठ आणि सगळ्यांत बाहेर एकटा एक. तो मला कधीच नको होता. मिठात तो मी क्लोरीनला देऊन टाकला होता. त्याच्या शेवटच्या कक्षेत सात होते, ते आठ झाले. माझेही मधले आठच शेवटचे ठरले. दोघंही गप्प. मग कारखान्यात मीठ वितळवून त्यातून वीज सोडली आणि तो इलेक्ट्रॉन परत माझ्या गळ्यात बांधला. तेव्हापासून हवा, पाणी, जो भेटेल त्याला मी तो देत सुटतो. म्हणून मला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात.

शुभांगी मॅडम दरवर्षी मला चाकूनं थोडं कापून दाखवायच्या. आत मी चांदीसारखा. मुलं "अरे बाप्पा!" म्हणायची. मिनिटभरात मी काळवंडायचो. कौतुक तेवढंच.

"मॅडम, आठच काऊन पाह्यजेत?" नववीतल्या अश्विनीनं एकदा विचारलं.

"आठ झाले की कोणाच्या भानगडीत पडत नाहीत."

"मंग आमच्या वर्गात आठच बसवा ना."

भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात माझ्याच ओळीच्या टोकाला आरगॉन वायू राहतो. त्याच्या शेवटच्या कक्षेत आठ आहेत. आजवर त्यानं कुणाला नमस्कारही केलेला नाही. मला त्याचा हेवा वाटतो.

माझे भाऊबंद मोठ्या बाटलीत होते. तिच्यावर लेबल तेलुगू आणि इंग्रजीत, कारण तपासणी आदिलाबादहून येते. शिवाय एक लाल रेष. रॉकेल रेषेखाली गेलं की शिपाई सुधाकररावांना मेमो. आत काय बुडवलं आहे, हे कुणी विचारत नसे. कपाटाला कुलूप आणि बाटलीला मराठी लेबल मिळावं म्हणून मॅडमनी तीन अर्ज केले. तिन्हींची पोच तेवढी मिळाली.

भागाबाई शाळेत दुपारचा भात शिजवतात. त्या दिवशी लाकडं ओली होती आणि रेशनवरचं रॉकेल कधीच बंद झालेलं. त्यांनी बाटली उघडून वास घेतला. "राकेलच हाय." सगळं डब्यात ओतून घेतलं. मग त्यांना रेष दिसली.

"सुधाकरभाऊच्या जिवाला घोर नको बाप्पा," म्हणत त्यांनी तांब्याभर पाणी आणलं.

पाणी रेषेपर्यंत पोचलंच नाही. माझ्या भावांनी आपापला नकोसा इलेक्ट्रॉन एका दमात पाण्याला दिला. हायड्रोजन निघाला, पेटला.

सुधाकरराव धावत आले. "बाई, काय केलं वं हे?"

"काही नाही भाऊ," भागाबाई चेहऱ्यावर पदर दाबून म्हणाल्या. "तुमच्या रेषेपर्यंत पाणी भरून राह्यली होती."

साहेबांनी एकच प्रश्न विचारला, रॉकेल किती होतं. मॅडमना या विषयावर बोलायची मनाई आहे. त्यामुळे ते पाण्यानं झालं, हे भागाबाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही. जे घडलंच नाही, त्याचं कारण कोण सांगणार?

मित्रांनो, धोक्याच्या बाटलीवर तिला हात लावणाऱ्याच्या भाषेत लिहा. त्याला वाचता येत नसेल, तर तोंडानं सांगा.

माझा अर्ज खाली जोडला आहे.

विषय : पहिल्या गटातून अठराव्या गटात विनंती बदली मिळणेबाबत.

महोदय, अर्जदाराचा शेवटचा इलेक्ट्रॉन शासनजमा करून त्यास आरगॉनशेजारी जागा द्यावी. तक्त्यात जागा नसल्यास अर्जदार भिंतीवरही राहील. कारण, अर्जदाराच्या बाटलीत दोन बोटं रॉकेल उरलं असून तिच्यावरही नवी लाल रेष मारण्यात आली आहे. लाकडं ओलीच आहेत आणि भागाबाई सोमवारपासून कामावर हजर होत आहेत.