पहिला स्विच वहिनींचा

उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले पेशंट आपलं दुखणं विसरून डॉक्टरांनी लॅबमध्ये बोलावलेल्या मांत्रिक बाबाकडे टक लावून बघत होते. बाबाने कॉम्प्युटरवर पाणी शिंपडलं, कीबोर्ड वाचला हे नशीब. मग मागची वायर उपटली, डोळे मिटून "बाधे, वाट सोड" असं पुटपुटला आणि वायर पुन्हा खोचली. थोड्याच वेळात अडकलेले रिपोर्ट भराभर छापून येऊ लागले. लोकांनी हात जोडले. आमच्या डॉक्टरांनीही जोडले, भिंतीवरच्या स्वतःच्या पदव्यांखाली उभं राहून.

"बाधा कुणाची, बाबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"या खुर्चीवर कोण बसतं?"

बसायच्या वहिनी, डॉक्टरांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. रोज सगळ्यांच्या आधी येऊन लॅब उघडायच्या, रात्री बंद केलेला मेन स्विच लावायच्या. आणि रोज त्यांचाच तेवढा कॉम्प्युटर रुसायचा. मागून येणाऱ्या आमचे सुरळीत चालायचे.

"पायगुण," बाबा म्हणाला. "आधी नवरा गेला, आता मशीन."

डॉक्टरांनी लगेच ठरवून टाकलं, वहिनींनी माहेरी जावं. या वयात माहेरी कोण उरलंय, हे त्यांनी विचारलंही नाही.

मी तिथे रक्त तपासतो. माझं डोकंच फिरलं. "डॉक्टर, उद्या वहिनींना येऊ देऊ नका. लॅब तुम्ही उघडा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्विच लावला, वहिनींचा कॉम्प्युटर चालू केला. ढिम्म. मी वायर काढली, शीळ घालत परत लावली. प्रिंटर खडखडला.

"कोपऱ्यातली ती राउटरची पेटी सगळ्या कॉम्प्युटरना एकमेकांशी बोलायला नंबर वाटते," मी सांगितलं. "मेन स्विच लावल्यावर तिला जागं व्हायला वेळ लागतो. हा कॉम्प्युटर त्याआधीच उठून नंबर मागतो. उत्तर येत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने एक नंबर घेऊन बसतो, आणि त्या नंबरावर त्याला कुणी विचारत नाही. वायर निघाली की तो नंबर सुटतो, लावली की हा नव्याने मागतो. तोवर पेटी जागी झालेली असते. आपण उशिरा येतो म्हणून आपलं भागतं. वहिनी वेळेवर येतात, हाच त्यांचा गुन्हा."

 डॉक्टर म्हणाले, "पटतंय रे. पण घरात सगळ्यांच्या मनात बसलंय आता. आणि बाबाच्या पाण्याने नुकसान तर काही होत नाही ना?"

दारात वहिनी उभ्या होत्या, हातात बॅग घेऊन. लॅबची दुसरी किल्ली द्यायला आल्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"भाऊजी," किल्ली टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "पेटीचा दिवा लागला की मग कॉम्प्युटर लावत जा."

आणि निघून गेल्या.

मला डॉक्टरांपेक्षा माझाच जास्त राग आला, कारण वहिनींना थांबवायला मीही उठलो नाही. तुम्ही तरी उठा. कुणाच्या पायगुणाचं नाव निघालं, की त्या माणसाला बाजूला बसवा आणि त्याच्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवून बघा. आम्हाला त्यासाठी एक सकाळ पुरली. ती आम्ही आधी काढली नाही.