कोतवालाची पिवळी उलटी

धुरपताबाईच्या कुत्र्याचं नाव कोतवाल. पगार नसताना रात्रभर जागायचा, म्हणून. त्यानं सलग तिसऱ्या सकाळी माणिकरावांच्या खळ्याच्या कडेला पिवळा फेस ओकला, आणि वसमतकडच्या गावात पिवळं म्हणजे दुसरं काय असणार? खळ्यावर शिजवलेली हळद वाळत पडली होती. माणिकरावांनी जागेवरच निकाल दिला : कुत्रं हळद खातंय, त्याला ट्रॉलीत घालून सिद्धेश्वर धरणापल्याड सोडायचं. ट्रॉली जोडलीसुद्धा.

माणिकरावांचा सालगडी जळबा, त्यानं मिठाचं पाणी पाजायचा उपाय सुचवला, म्हणजे पोटातलं सगळं बाहेर येईल. धुरपताबाईनं त्याला विचारलं, जे आपणहून बाहेर येऊन राहिलं, त्याला अजून कशाला बोलवायचं?

तिनं जनावरांच्या डॉक्टरला आधीच फोन लावला होता. त्यांनी बरंच विचारलं. दिवसातून किती वेळा? रक्त दिसतं का? पाणी टिकतं का? पोट फुगलंय का? बाईनं सगळं बराबर सांगितलं : पहाटे एकदाच, नंतर शेपूट हलवत भाकर मागतो. डॉक्टर म्हणाले, हे रिकाम्या पोटाचं पित्त. निजताना थोडं खायला द्या. दिवसभर ओकायला लागला, रक्त पडलं किंवा मलूल झाला, तर मात्र लगेच घेऊन या.

फोनवर नाडी कळते का, असं माणिकरावांचं म्हणणं पडलं.

बाईनं जळबाच्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला, आधी खळ्यावरच्या हळकुंडाला ओला करून चोळला. हळकुंड लालभडक झालं. हळदीला चुना लागला की काय होतं, हे कुंकू लावणाऱ्या बाईला कोण शिकवणार? मग तोच चुना तिनं काडीनं कोतवालाच्या ओकारीत कालवला. तोवर खळ्यावर जमलेले सगळे वाकून बघत राहिले. इतकी माणसं ग्रामसभेलाही जमत नाहीत. फेस पिवळा तो पिवळाच राहिला.

"हळद न्हाई," जळबा म्हणाला.

"मग पोट रिकामं काहून राहिलं त्याचं?" बाईनं माणिकरावांकडं बघितलं. "राखण तुमच्या हळदीची. रातची भाकर तुमच्या घरून ठरली होती."

माणिकरावांनी टोपी सारखी केली. "भरल्या पोटाचं कुत्रं झोपतं, म्हणून मीच बंद केली."

"तुमी जेवून झोपता, तवा तुमाला कुणी धरणावर सोडतं का?"

जोडलेली ट्रॉली परत सोडवली. त्या रात्री माणिकराव स्वतः भाकर घेऊन आले. डॉक्टरांनी थोडी सांगितली होती, यांनी अख्खी टाकली. बाईनं अर्धी काढून सकाळसाठी ठेवली.

चौथ्या दिवशी उजाडताच निम्मं गाव खळ्यावर हजर. कोतवाल उठला, आळोखेपिळोखे दिले आणि काहीच ओकला नाही. लोक थोडा वेळ थांबले, मग जरा नाराज होऊनच घरी गेले.