फुली नसलेलं घर

बेबीनंदाबाईंनी चिंचोका फरशीवर खसाखसा घासला आणि गार व्हायच्या आत मुख्याध्यापकांच्या मनगटाला टेकवला.

राधेश्याम सर असे उडाले की हातातली कपाटाची किल्ली खणकन खाली पडली. चौथीचा वर्ग आधी तोंडावर हात धरून फुसफुसला आणि मग सगळेच खो खो सुटले.

"म्याडम, हे वय हाये का तुमचं?" सर मनगट चोळत म्हणाले.

"घासल्यानं वस्तू गरम होती, सर. विज्ञानाचा तास चालू हाये."

"मी गणिताचं बोलायला आल्तो."

"मंग चटका फुकट गेला म्हणायचा."

सरांना हसू आलं होतं, पण ते त्यांनी मिशीतच दाबलं. आज हसायचं काम नव्हतं. त्यांनी खाली वाकून किल्ली उचलली आणि बाईंच्या टेबलावरच्या डब्याकडं बोट दाखवलं. डब्यात चिंचोके होते, एका अंगानं घासघासून पांढरे केलेले. शिवाय रंगीत बुचं, सुतळ्या आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर आखलेले अष्टाचंगाचे पट. सगळं कपाटात जाणार होतं आणि कपाटाला कुलूप लागणार होतं.

हे रामरावांचं काम, बाईंनी लगेच ओळखलं. रामराव म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. रविवारी त्यांनी स्वतःच्या ओट्यावर आपल्या नातीला, तृप्तीला, चार चिंचोके उडवताना पाहिलं. चिंचोके नालीत गेले आणि सोमवारी सकाळी रामराव शाळेत आले. आवाज चढवला नाही, चहा घेतला नाही. सरांनी त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"हातानं उडवायचं आन् नशिबावर सोडायचं, हे आमच्या घरात एकदा शिकून झालंय. दुसऱ्यांदा नको."

वर्गात ज्यांना कळायचं त्यांना कळलं. रामरावांचा लेक धर्मराज वाटूर फाट्यावर पैसे लावून पत्ते कुटता कुटता एक दिवस तिथूनच कुठंतरी निघून गेला होता. तृप्ती त्याची मुलगी. बाप गेल्यापासून पोरीनं तोंड मिटलं ते मिटलं. हजेरीला नुसता हात वर करायची. घरी तर तेवढंही नाही, असं तिची आजी द्वारकाबाई डोळ्याला पदर लावून सांगायची. बाईंनी गोष्टी सांगून पाहिल्या, गुदगुल्या करून पाहिल्या, रबराची पाल दप्तरात ठेवून पाहिली. पोरीनं पाल उचलून टेबलावर आणून ठेवली आणि जागेवर जाऊन बसली.

मग एक दिवस वजाबाकी कुणालाच येईना म्हणून बाईंनी अष्टाचंगा मांडला. पाच घरं आडवी, पाच उभी. चारी बाजूंच्या मधल्या घरांना फुली. फुलीच्या घरात कुणाला मारता येत नाही. फुलीबाहेर मात्र ज्या घरात तू उभा, त्या घरात दुसरा आला की तू मेला, पुन्हा आपल्या घरातून सुरुवात. चार चिंचोके टाकायचे, जितके पांढरे वर तितकी घरं पुढं. आणि एकही पांढरा दिसला नाही, चारी पालथे पडले, की शून्य नाही, आठ. वर आणखी एक डाव.

त्या दिवशी तृप्तीचे चारी पालथे पडले. पोरं "शून्य, शून्य" म्हणून ओरडली आणि तृप्ती म्हणाली, "आठ."

बाईंनी न ऐकल्यासारखं केलं. फळ्याकडं तोंड करून उगाच खडू शोधत बसल्या. तेव्हापासून पोरगी पटावर बोलायची. पटावरच, आणि आकडेच. सात घरं राहिली, तीन पडले, आता चार पायजेत. एवढं बोलली तरी बाईंना पुष्कळ होतं. तिची एक सवय मात्र न्यारी होती. मेलेली सोंगटी घरात परत ठेवली की डाव्या तळहातानं जमिनीवर दोन चापट्या मारायची. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "म्हंजे ती परत निघती." बापाकडून उचललं असेल, बाईंना वाटलं. हळूहळू सगळा वर्गच चापट्या मारायला लागला.

आता रामरावांचं म्हणणं होतं की हे थांबलं नाही तर तृप्तीचं नाव काढून तिला परतूरला, वसतिगृहाच्या शाळेत टाकणार. तिथं कुणाला पत्ता लागणार होता, ही मुलगी बोलत नाही म्हणून? गप्प पोरगी म्हणजे शहाणी पोरगी. 

"माझ्या हातात न्हाई, म्याडम," राधेश्याम सर डबा कपाटात ठेवत म्हणाले. सर जालन्याहून, मस्तगडातून, रोज मोटरसायकलवर यायचे. भांडणं त्यांना झेपायची नाहीत. "चिंचोके, फासे, कवड्या, काहीच उडवायचं न्हाई. एवढंच पाळा."

"चिंचोके, फासे, कवड्या," बाई पोरांकडं बघत म्हणाल्या. "ऐकलं का रे? बराबर ध्यानात ठेवा. एक बी उडवायचं न्हाई."

आवाज फार गरीब होता. सरांना तिथंच संशय यायला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी सर गाडी लावतायत तोवर बाई चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन मैदानात ओणव्या झालेल्या. पांढऱ्याशुभ्र रेघा पार फाटकापर्यंत गेल्या होत्या.

"हे काय करून राह्यल्या?"

"कबड्डीचं मैदान."

"कबड्डीला फुल्या असतात?"

"आपल्या शाळेत असतात."

एकेका घरात एक माणूस आरामात उभा राहील एवढा तो पट होता. सोंगट्या म्हणजे पोरंच. आणि चिंचोके? तेही पोरंच. अतिक, सालेहा, बबलू आणि माऊली यांच्या डोळ्याला रुमाल बांधले, चौघांना गरागरा फिरायला लावलं. शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबायचं. झेंड्याच्या खांबाकडं ज्याचं तोंड तो पांढरा, पाठ असेल तो पालथा. लबाडी करायची सोयच नाही, कारण खांब कुठंय हे कुणालाच ठाऊक नाही. अतिक तर थांबल्यावरही डुलतच राहायचा आणि मग अर्धा पांढरा का अर्धा पालथा यावर भांडण लागायचं.

"शिट्टी तुमच्याकडं हाये, सर," बाई म्हणाल्या. "शिट्टी कुठं बंद केलीय?"

सरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि खिशातून शिट्टी काढली. नुसती द्यायचीच होती, पण बाईंचे हात फक्कीनं भरलेले होते.

खेळ रंगला. कुंपणाच्या पलीकडं बाया थांबायला लागल्या, कामाला निघालेले थांबायला लागले. मध्येच एक कुत्रं येऊन एका घरात आडवं झालं. काय करायचं म्हणून पोरांनी विचारलं तेव्हा बाईंनी नियम सांगून टाकला. पटात जो कोणी उभा तो सोंगटी. चिंचोके झालेल्या पोरांनी दोन दिले, कुत्रं मेलं, फाटकाबाहेर घालवलं आणि पोरांनी इमानदारीनं त्याच्याही नावानं दोन चापट्या मारल्या.

बातमी रामरावांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते आले, फाटक ढकललं आणि तडक आत शिरले. पायाखाली काय आहे ते न बघता रेघ ओलांडून कोपऱ्यातल्या घरात उभे राहिले. मैदान चिडीचूप झालं. चार चिंचोके मात्र डोळे बांधलेले, ते बिचारे फिरतच होते.

"बाई, मी काय निरोप धाडला होता?"

"चिंचोके न्हाईत, अध्यक्ष. फासे न्हाईत, कवड्या न्हाईत. कपाटाची किल्ली सरांकडं हाये, बघून घ्या."

"मला शिकवू नका. हा जुगार हाये."

"जुगारात काहीतरी हरावं लागतं," बाई म्हणाल्या. हसणं कुठल्या कुठं गेलं होतं. "इथं पोरगी काय हरली ते दाखवा. मी सोता फक्की पुसते, सोता बदलीचा अर्ज देते."

 रामरावांनी पटाच्या पलीकडं पाहिलं. बरोबर तिरक्या समोरच्या कोपऱ्यात तृप्ती उभी होती.

"तृप्ते, चल घरी."

तृप्ती हलली नाही. तिनं आजोबांकडं पाहिलं, त्यांच्या पायाकडं पाहिलं, मग राधेश्याम सरांकडं पाहिलं आणि बघतच राहिली. डाव तिचा होता.

सर दोन्हीकडं बघत होते. एकीकडं अध्यक्ष. दुसरीकडं चौथीची पोरगी. पुढं कितीतरी दिवस बाई त्यांना विचारायच्या, तेव्हा नेमकं काय झालं होतं, आणि सर म्हणायचे की दम धरून ठेवला होता, श्वास सोडला तर शिट्टी तोंडात होती.

शिट्टी वाजली.

चौघं थांबले. अतिक डुलला, सावरला. खांबाकडं एकाचंही तोंड नव्हतं. चार पाठी.

"चल म्हणतो ना," रामराव म्हणाले.

"आठ," तृप्ती म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. कुंपणापलीकडं द्वारकाबाई उभ्या होत्या, त्यांचा हात तारेवर गेला. रामरावांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. नातीचा आवाज त्यांनी कधीपासून ऐकला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर सगळ्या गावाला दिसत होतं.

तृप्ती निघाली. एक, दोन. फुलीचं घर ओलांडलं. तीन, चार, कोपरा वळली. प्रत्येक घरात दोन्ही पाय टेकवत, आकडा म्हणत. पाच, सहा, दुसरी फुली. सात. बाईंनी पाहिलं, म्हातारा दोन पावलं बाजूला सरकला असता तर फुलीच्या घरात गेला असता, वाचला असता. त्याला खेळ ठाऊकच नाही तर सरकणार कसा, असं त्यांना वाटलं.

"आठ." ती त्यांच्या घरात येऊन उभी राहिली. तिचं कपाळ त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीला लागत होतं. "आबा, तुम्ही मेलात."

 बाई पदराला हात पुसून पुढं व्हायच्या बेतात होत्या. आता म्हाताऱ्यानं हात उचलला तर मध्ये पडायचं, मग बदली होवो नाहीतर काही होवो.

"फाटकाजवळचं घर रिकामं हाये," तृप्ती म्हणाली. "तिथनं सुरू करा."

 रामरावांनी चपला काढल्या, रेघेच्या बाहेर नीट जोडीनं ठेवल्या आणि फाटकाजवळच्या फुलीच्या घराकडं चालत गेले. मधून नाही गेले. पटाच्या कडेकडेनं गेले, जशी मेलेली सोंगटी न्यायची असते तशी.

घरात पोचल्यावर ते गुडघ्याला हात देऊन हळूहळू खाली वाकले. डावा तळहात जमिनीवर टेकवला आणि दोन चापट्या मारल्या.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. रामरावांना हे कुणी सांगितलं नव्हतं, ही त्यांच्या हाताची जुनीच सवय दिसत होती. बाईंनी तृप्तीकडं पाहिलं. तिला त्यात नवल काहीच वाटलं नव्हतं.

रामराव तसेच वाकलेले होते. हात फक्कीतच होता, डोळे फाटकाबाहेर वाटूर फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्याकडं लागलेले.

"आबा, उभे ऱ्हावा जल्दी," तृप्ती म्हणाली. "डाव अजून माझाच हाये."